न वाजणारी क्लिप

शुक्रवार, ठाकूरद्वार

मावशीच्या देवापुढे मी चाळीस प्लॅस्टिकच्या क्लिपांचा नैवेद्य ठेवला, तिथून हा प्रवास सुरू झाला.

चिंचवडहून निघताना नंदाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, माझ्या पिशवीत दोन स्टीलचे डबे ठेवले होते. एकाच लग्नाच्या आहेरातले, जुळे भाऊ. एकात मावशीसाठी बेसनाचे लाडू, दुसऱ्यात माझ्या कारखान्यातले नमुने. "हलवून बघा," ती म्हणाली होती, "खुळखुळला तर तुमचा, नाही खुळखुळला तर मावशींचा." मावशीच्या जिन्यात थांबून मी हाताला लागलेला डबा कानाशी नेऊन हलवला. तो गप्प होता. म्हणून तो मावशीच्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला. दुसराही एकदा हलवून बघावा, एवढं डोकं काही बावन्न वर्षांच्या इंजिनियरचं चाललं नाही.

मावशी ऐंशीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू. आलेला खाऊ आधी देवाला, मग माणसांना, हा तिचा नियम. तिने डबा उघडून देवापुढे ठेवला, वर तुळशीचं पान ठेवलं, पाणी फिरवलं आणि मग प्रसाद काढायला हात आत घातला.

"सुधीर," ती म्हणाली, "अरे, या लाडवांना पाय आहेत रे!"

माझ्या मावसभावाची बायको स्मिता हसून हसून दाराला टेकली. तिची नऊ वर्षांची ईरा तर जमिनीवर लोळायचीच बाकी होती. मावसभाऊ कामासाठी बाहेरगावी होता, म्हणून हसणारं एक तोंड कमी. मी ओशाळून दुसरा डबा पुढे केला. मावशी मात्र गंभीर. "देवापुढे आलंच आहे तर असू दे. तुझी हत्यारंच ना ही? खंडेनवमीला पुजतोच की आपण." तिने त्यातल्या एका क्लिपला हळदकुंकू लावलं आणि ती माझ्या शर्टाच्या खिशात घातली.

मीही हसलो. पण मुंबईत आलो होतो तो त्या क्लिपच्याच भीतीने.

माझं काम इतकं लहान आहे की बसमध्ये शेजाऱ्याने विचारलं तर सांगायला लाज वाटते. गाडीच्या पोटाखालून ब्रेकच्या तेलाची नळी जाते, करंगळीहून बारीक. ती लोंबू नये म्हणून हातभर अंतरावर एकेक क्लिप असते. क्लिपचे दोन पाय मिटून पत्र्याच्या भोकात शिरतात आणि पलीकडे छत्रीसारखे उघडतात. मग ओढली तरी ती निघत नाही. स्क्रू नको, पाना नको. गेली पंचवीस वर्षं मी अशा दाबून बसणाऱ्या वस्तूंची चित्रं काढतो आणि त्यावर माझं घर चालतं.

परळच्या एका शाळेच्या सहा व्हॅनची जमीन फार थरथरायची. त्यांच्या क्लिपा स्टीलच्या, त्यामुळे नळीची थरथर सरळ पत्र्यात उतरे. मी नवी क्लिप काढली. पाय कडक प्लॅस्टिकचे, पण नळीभोवती आणि डोक्याखाली रबरासारखी मऊ गादी, जी थरथर गिळून टाकेल. चाचणी म्हणून रे रोडच्या एका गॅरेजात त्या सहाही व्हॅनना या क्लिपा बसवल्या. दोन महिने सगळे खूश. मग गेल्या आठवड्यात एका ड्रायव्हरने फोटो पाठवला. माझी क्लिप एका पायावर लोंबत होती.

क्लिप सुटली की नळी पत्र्याच्या कडेला घासत राहते. घासून भोक पडलं की तेल गळतं, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा ब्रेक पावासारखा मऊ होतो. हे मला माहीत होतं, आमच्या साहेबांनाही होतं. साहेब म्हणाले, "गुपचूप बघून या. खात्री होईपर्यंत तिथे कुणाला घाबरवू नका."

मी एकटाच घाबरलेला ठाकूरद्वारला जेवायला बसलो. स्मिताने डाळिंबीची उसळ केली होती, वर ओलं खोबरं. आमच्या घरी खोबरं चिमटीने पडतं, इथे मुठीने. या क्लिपा गाडीची थरथर गिळतात, एवढंच मी ईराला सांगितलं होतं. दुसऱ्यांदा उसळ वाढून घेत होतो, तेवढ्यात ईरा म्हणाली, "काका, आमची व्हॅन आधी कसली गुरगुरायची माहितीये? डबा खाली ठेवला ना, की नाचत नाचत आर्याच्या पायाशी जायचा. आता नाही नाचत."

"कुठली गं तुमची व्हॅन?"

"पिवळी. दारावर निळं फुलपाखरू आहे बघ. चार नंबर."

ते फुलपाखरू मी फोटोत पाहिलं होतं. सहाही गाड्यांवर तेच होतं.

"तिच्याखाली तुझ्या ह्या आहेत?" तिने डब्याकडे बोट केलं. मी मान हलवली. "भारीच रे काका!" ती म्हणाली. मी पाण्याचा पेला उचलला.

शनिवार सकाळ

सात वाजता गल्लीच्या तोंडाशी व्हॅन आली. मी ईराचं दप्तर घेऊन खाली गेलो आणि इस्त्रीच्या शर्टासकट रस्त्यावर आडवा होऊन गाडीखाली डोकावलो. चिखल दिसला, टाकीचं पोट दिसलं. नळी टाकीच्या वरून जाते, ती दिसली नाही. मागे टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

"काय पडलं का साहेब?" ड्रायव्हरने विचारलं. पाटील त्याचं नाव.

"चावी," मी म्हणालो.

"ती तुमच्या हातात आहे."

खरंच होती. मी कपडे झटकत उठलो आणि तोंडातून निघून गेलं, "ईराला आज मी टॅक्सीने सोडतो. काका-पुतणीची मजा!"

ईरा उड्या मारायला लागली. "आर्यालाही घेऊ ना! ती पुढच्या कोपऱ्यावर चढते."

"जागा नसते बाळा टॅक्सीत," मी म्हणालो.

टॅक्सीच्या मागच्या सीटवर आम्ही दोघं बसलो, मध्ये तिचं दप्तर. पाटीलची व्हॅन आमच्या पुढेच होती. सिग्नलला मागच्या काचेतून दोन वेण्यांची एक मुलगी हात हलवत होती. ईरानेही हलवला. माझे डोळे फक्त खालच्या लाल दिव्यांवर होते. दिवे लागले, गाडी थांबली. पुन्हा लागले, पुन्हा थांबली. परळपर्यंत मी दुसरं काही पाहिलं नाही. हा रस्ता कसा होता असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

शनिवार, रे रोड

रे रोडला हवेत लाकडाचा भुसा आणि खाडीचा खारा वास, दोन्ही एकदम येतात. साळवेंचं गॅरेज वखारींच्या रांगेत शेवटचं. साळवे राहायला करी रोडचे, वय पंचावन्नच्या आसपास, केस काळेभोर रंगवलेले, चष्मा दोरीने गळ्यात. आमच्याकडे कारखान्यात पाहुणा आला की आधी चहा, मग हवापाणी, मग काम. इथे साळवे म्हणाले, "या क्लिपवाले! चहा मागाहून. आधी खड्ड्यात उतरा."

फोटोतली गाडी, दोन नंबरची, खड्ड्यावर उभी होती. उतरताना माझी पँट आकड्याला अडकून गुडघ्यापासून फाटली. मोबाईलच्या उजेडात मी क्लिपा मोजल्या. नऊपैकी चारांचा एक पाय मुळाशी मोडलेला.

आठवडाभर मला वाटत होतं, थरथरीने प्लॅस्टिक थकलं असणार. थकून तुटलेल्या प्लॅस्टिकवर शिंपल्यासारख्या बारीक रेघा दिसतात. इथे एकही रेघ नव्हती. पाय एका झटक्यात मोडले होते.

"साळवे, तुम्ही ही बसवता कशी, जरा दाखवता?"

"त्यात काय दाखवायचंय?"

मी खिशातून क्लिप काढून दिली. साळवेंनी ती उजेडात धरली. "हिला हळदकुंकू कुणी लावलं? पुण्याकडे पार्टची ओटी भरून पाठवतात काय?"

मग त्यांनी हात टाकीच्या वर घातला, जिथे डोळा पोचत नाही, आणि क्लिप दाबली. मान कलती केली. डोळे मिटले. पुन्हा दाबली. पुन्हा ऐकलं. मग पान्याच्या पाठीने तिच्यावर एक ठोका दिला, दुसरा दिला.

टक्क.

"बसली," साळवे म्हणाले.

"काढा ती."

"आत्ता तर बसवली राव!"

"काढा हो!"

त्यांनी ओढली. कुंकवाचं डोकं आणि एक पाय हातात आला. दुसरा पाय भोकातच राहिला.

पहिल्या दाबालाच ती बसली होती. पाय उघडले होते, नळी धरली होती. पण जी गादी थरथर गिळते, तिने पाय उघडल्याचा आवाजही गिळला. बसलेल्या क्लिपला पुढे जायला जागा नसते. तिला ठोकली की पाय मुळाशी तडकतो, आणि त्या तडकण्याचा आवाज अगदी स्टीलची क्लिप बसल्यासारखा येतो. साळवे ज्या आवाजाची वाट बघत होते, तो माझी क्लिप मोडल्याचा होता. सहा गाड्यांत पन्नासच्या वर क्लिपा अशा वाट बघत बसवलेल्या.

"इथे वर हात जातो, डोळा जात नाही," साळवे सांगत होते. "तीस वर्षं क्लिप कानाने लावतो मी. टक्क आलं की बसली. ही तुमची काही बोलेचना. म्हटलं नवीन आहे, कडक आहे, जरा समजूत घालू. तुमच्या कागदावर काय लिहिलंय? पूर्ण बसेपर्यंत दाबा."

ते वाक्य माझंच. आमच्या ऑफिसात टेबलावर, उघड्या पत्र्यात क्लिप दाबली की पलीकडे पाय उघडताना दिसतात. सगळ्यांना दिसायचे, म्हणून आवाज नाही हे लिहायचं कुणाला सुचलं नाही. आदल्या दिवशी जिन्यात मी स्वतः चाळीस क्लिपांचा डबा कानाशी धरून त्यांना लाडू समजलो होतो. तरीही सुचलं नाही.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. खड्ड्यात फोनचा आवाज घुमतो, हेही मला माहीत नव्हतं.

"म्हणजे बसवण्यातली चूक!" साहेबांच्या आवाजात दिवाळी होती. "तसंच लिहा. गॅरेजने चुकीची बसवली. आपली क्लिप निर्दोष. सोमवारनंतर एकेक गाडी बोलावून बदलून घेऊ. गाड्या थांबवायची काही गरज नाही."

साळवे चष्मा पुसत होते. खोटं कशाला सांगू, दोन-तीन श्वास मला ते उत्तर फार आवडलं. नोकरी राहत होती, नाव राहत होतं.

"म्हणजे मीच फोडल्या," साळवे म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. पण इतक्या बारीक आवाजात, की मलाच नीट ऐकू आलं नाही.

"नाव कुणाचं लिहायचं ते मागाहून बघू." ते खड्ड्याबाहेर चढलेसुद्धा. "पाच गाड्या रस्त्यावर आहेत, साहेब. घड्याळ बघा. साडेबाराला शाळा सुटते."

अकरा वाजून गेले होते. त्यांनी व्हॅनच्या मालकाला फोन लावला. पलीकडचा आरडाओरडा मलाही ऐकू येत होता, पोरं घरी कशी जाणार म्हणून. "टॅक्सी कर, आईबापांना बोलव, काय वाटेल ते कर," साळवे म्हणाले, "पण फुलपाखराची एकही गाडी हलवायची नाय. माझं ऐक." चार गाड्या शाळेबाहेरच उभ्या होत्या. पाचवी नव्हती. बालवर्ग लवकर सुटतो, त्यांची चार पोरं घेऊन ती लालबागला गेली होती.

"कितवी?" मी विचारलं.

"चार नंबर. पाटील. फोन उचलत नाय."

शनिवार, लालबाग

साळवेंच्या स्कूटरवर मागे बसून, त्यांच्या मुलीचं गुलाबी हेल्मेट अर्ध्या डोक्यावर चढवून मी काळाचौकीवरून लालबागला गेलो. फाटक्या पँटमधून गुडघ्याला वारा लागत होता. दर वळणावर पुढे गर्दी दिसली की मी साळवेंचा खांदा घट्ट धरी, आणि जवळ गेल्यावर ती गर्दी भाजीच्या गाडीभोवतीची निघे. मी मनात काय काय बोललो देवाशी, ते लिहीत नाही. क्लिपांचा नैवेद्य दाखवलेल्या माणसाचं तो ऐकेल, याची खात्री नव्हती.

मसाल्याच्या दुकानांशी आलो तेव्हा मिरची कुटणं चालू होतं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि त्या पाण्यातून पुढे एक पिवळी गाडी दिसली. ती उतारावर नव्हती, वेगातही नव्हती, एका हातगाडीमागून मुंगीच्या पावलाने चालली होती. हातगाडीवर पोती होती आणि ती ढकलणारा माणूस व्हॅनच्या तोंडापासून दोन हातांवर होता.

"ए पाटील!" साळवे ओरडले. "थांबव! हळू दाब, हळू!"

दिवे लागले. गाडी थांबली. गाडीने थांबणं ही गोष्ट मी आयुष्यात इतक्या आनंदाने कधी पाहिली नव्हती.

दिवसात दुसऱ्यांदा मी रस्त्यावर आडवा झालो, या वेळी मिरचीच्या भुकटीत. साळवेंनी दाखवलं तसा हात टाकीच्या वरून घातला. पहिली क्लिप हलत होती. दुसरी नव्हतीच. नळीला बोट लागलं आणि ओलं झालं.

"साळवे," मी म्हणालो. बोट बाहेर काढून त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी माझं बोट धरून स्वतःच्या बोटावर घासलं, नाकाला लावलं. दोघंही शिंकलो. "पाणी आहे," ते म्हणाले. "सकाळी गाडी धुतलीय. तेल बोटाला सोडत नाय."

मी पुन्हा हात घातला आणि नळीवरून नख फिरवलं. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि जिथे पत्र्याची कड होती तिथे नख अडकलं.

"किती खोल?" साळवेंनी विचारलं.

"अडकलं," मी म्हणालो.

वर खिडकीतून एक चिमुरडा चेहरा शिंकला. "काका, गाडी बिघडली?"

"गाडी नाही बाळ," मी म्हणालो, "क्लिप बिघडली. मी केलेली."

त्यातली दोन मुलं त्याच गल्लीतली होती, त्यांना पाटीलने हाताला धरून घरी पोचवलं. दोघांना टॅक्सीने. व्हॅन दोरीने बांधून रे रोडला नेली.

रविवार, करी रोड

सहाही गाड्यांना जुन्या स्टीलच्या क्लिपा लावायचं काम सकाळपासून चाललं होतं. प्रत्येक क्लिपला साळवे मान कलती करत, टक्क येई, आणि माझ्या छातीतलं एक टाचण निघे. चार नंबरची नळी कापून पाहिली. कडेपाशी तिची भिंत निम्मी उरली होती.

दुपारी साळवे मला जेवायला करी रोडला घरी घेऊन गेले. जुन्या चाळीच्या जागी आता टॉवर, सतराव्या मजल्यावर त्यांची खोली. बुद्धाच्या तसबिरीखाली टेबल मांडलेलं. साळवेवहिनींनी सुकट आणि तांदळाची भाकरी वाढली. आमच्या घरी सुकटीचा वास आला तर नंदा मला पिशवीसकट गच्चीवर पाठवेल. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

"आवाज नसू दे हो," साळवे म्हणाले, "पण बोटाला तरी काही सांगा. माझा बाप गिरणीत मागावर होता. तिथे कानाचं काय काम? हात ठेवून सांगायचा माग बरा चाललाय की नाय."

"बसली की डोक्यावर तीळभर टोक वर आलं तर?" मी भाकरीचा तुकडा ताटात उभा करून दाखवला. "अंधारातही बोटाला लागेल."

"आलं टोक की हात काढायचा?"

"हो. आणि नाही आलं तरी ठोकायचं नाही."

"हे आधी का नाय सुचलं?" वहिनींनी भाकरी वाढत विचारलं. मी ताटातला उभा तुकडा तोंडात टाकला.

ठाकूरद्वारला परतून मी अहवाल लिहिला. बसवणाऱ्याची चूक नाही. क्लिप बसली हे हाताला किंवा कानाला कळायची सोय मी ठेवली नव्हती. गाड्या थांबवल्याची जबाबदारी माझी. खाली माझं नाव. पाठवायचं बटण दाबलं. मग स्मिताला आणि मावशीला सगळं सांगितलं. स्मिताने ईराला जवळ ओढलं आणि म्हणाली, "दादा, बरं झालं तुम्ही तिला टॅक्सीने नेलंत." तिने रागावायला हवं होतं. आभार मानले, ते जास्त लागले.

घरी

परतल्यावर साहेब एवढंच म्हणाले, "बोलू आपण." अजून बोललेले नाहीत. त्यांच्या केबिनचं दार उघडलं की मी संगणकात आणखी वाकतो. शाळेच्या व्हॅन पुन्हा गुरगुरतात आणि ईराचा डबा नाचत आर्याच्या पायाशी जातो, असं तिने फोनवर तक्रारीच्या सुरात सांगितलं. मी तिला म्हटलं, नाचू दे.

हे सगळं लिहून मी आधी नंदाला वाचून दाखवलं. तेव्हा यात शनिवारची सकाळ फक्त चावीपर्यंत होती. मी रस्त्यावर आडवा होतो, चावी हातात निघते, मग एकदम रे रोड. स्मिताचे आभारही नव्हते. नंदा डब्याच्या गोष्टीला हसली, लालबागला नख अडकलं तिथे तिने डोळे पुसले. मला वाटलं, जमलंय.

वाचून झाल्यावर ती उठली आणि तो क्लिपांचा डबा घासायला घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"ईरा मला फोनवर सांगत होती. टॅक्सीत जागा होती म्हणे. तेवढं लिहायचं राहिलंय तुमचं."